बाभळीची पुली

"ए! साखळी काढ! साखळी काढ म्हन्ते ना! म्हाताऱ्याला हात लावशील तर तुलाच पट्ट्यावर चढवीन!"

सकाळचे नऊ वाजले असतील. गिरणीच्या दाराशी जालन्याच्या भंगारवाल्या चाचानं टेम्पो उलटा लावला होता. त्याच्या दोन माणसांनी डिझेल इंजिनाच्या बुडातून साखळी ओवली होती आणि त्या साखळीवर इंजिनमावशी दोन्ही पाय रोवून उभी होती. तिचं वजन म्हणाल तर ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढं. पण दोन धडधाकट गड्यांना साखळी वीतभर ओढता आली नाही. टेम्पोच्या पलीकडं तिचा मुलगा भास्कर कपाळाला हात लावून उभा होता. आणि भिंतीला पाठ चिकटवून, कुणाची नजर जाऊ नये म्हणून श्वास धरून, मी उभा होतो. कारण त्या इंजिनाची पुली फोडणारा महापुरुष मीच.

आधी आवाजाबद्दल सांगितलं पाहिजे. मावशी हळू बोलू शकत नव्हती. पंचवीस-तीस वर्षं चालत्या इंजिनाशेजारी उभं राहून बोलल्यानं तिच्या गळ्यातला कमी-जास्त करायचा खटकाच गळून पडला होता. ती घरात "मीठ द्या" म्हणाली की वाटूर फाट्यावर उभी असलेली एसटी कंडक्टरनं घंटा मारल्यासारखी सुटायची. कुणाच्या मयतीला गेली आणि कानात दोन शब्द धीराचे बोलली, तर ते स्मशानापर्यंत सगळ्यांना ऐकू जायचे. एकदा तिनं एका बाईला अगदी गुपित म्हणून एका लग्नाची बातमी सांगितली. संध्याकाळपर्यंत आष्टीहून नवऱ्या मुलाकडचे विचारायला आले. मी थोडं वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर तसं समजा. पण थोडंच.

मी त्या गावात सात वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. वाटूर आणि मंठ्याच्या मधलं गाव. बुद्धविहाराच्या शेजारी पत्र्याची गिरणी, आणि गिरणीला लागून मावशीनं मला भाड्यानं दिलेली खोली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, भूकंप होतोय. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, मावशी दळतेय. तिसऱ्या आठवड्यापासून इंजिन बंद असलं की झोप लागेना.

त्या इंजिनाला ती 'म्हातारं' म्हणायची. एकाच सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकाएवढी जड चाकं, शेजारी थंड पाण्याची टाकी. तिचा नवरा, भास्करचा बापू, मंठ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. त्यानं हे इंजिन जुन्यातलं आणून गिरणी घातली, आणि तो वारल्यावर मावशीनं लुगड्यावर त्याचा बाह्यांचा शर्ट चढवला आणि हँडल हातात घेतलं. गावात विजेवरची दुसरी गिरणी होती. पण आमच्याकडची लाईट पाहुण्यासारखी यायची, आणि आलेला पाहुणा तरी जेवून जातो. शिवाय बायकांचं म्हणणं, विजेच्या गिरणीचं पीठ गरम निघतं, भाकरी चिरते. मावशीचं जातं सावकाश फिरायचं. त्या पिठाची भाकरी आरशासारखी गोल व्हायची. त्यात तोंड बघून मी दाढी केलेली आहे.

सुरुवातीला दोन-तीन मोठ्या घरांनी विहाराशेजारच्या गिरणीत दळण पाठवायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे. ही गोष्ट मावशीनं मला स्वतः सांगितली, म्हणजे साऱ्या गावाला परत ऐकवली. "मी काय त्यांच्या दारात गेले न्हाई. म्हनलं, खावा जवारी उकडून." पुढं विजेचा डीपी जळाला, वीस दिवस गाव अंधारात राहिलं, तेव्हा त्यातल्याच एका घरचा गडी पोतं घेऊन आला आणि म्हणाला, आमचं दळण आम्हीच वरच्या पेटीत टाकणार, तुम्ही हात लावायचा नाही. मावशी बाजूला झाली. "टाक बाप्पा. तूच टाक. हँडल बी तूच मार." गड्यानं हँडल मारलं. म्हाताऱ्यानं उलटा हिसका दिला आणि गडी पिठाच्या डब्यात जाऊन बसला. तेव्हापासून त्या घरचं दळण मावशीच टाकायची. "माह्या हातानं टाकते, पर रांगेत या," एवढंच ती त्यांना म्हणाली. आणि त्या घरची मालकीण खरोखर रांगेत आली.

दुसरी सवय कानाची. ती डॉक्टरसारखी इंजिनाजवळ वाकून वगैरे ऐकायची नाही. विहारात वंदना चालू असायची, मावशी डोळे मिटून हात जोडून बसलेली असायची, आणि मधेच डोळे न उघडता म्हणायची, "पान्याची टाकी अर्धी झाली." माणूस पळत जाऊन बघायचा, टाकी अर्धी. मंठ्याच्या बाजारात भाजी घेताना तिनं "आपला पट्टा सरकला" असं म्हटल्याची शपथ घेणारे लोक आहेत. गिरणी तिथून दहा-बारा किलोमीटर. मी त्या लोकांतला नाही. पण त्यांना खोटं ठरवायची हिंमतही माझ्यात नाही.

भास्कर हा तिचा एकुलता मुलगा. छत्रपती संभाजीनगरला नोकरी, तिसऱ्या मजल्यावर घर. स्वभावानं मऊ, आईच्या बरोबर उलटा. तो दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "माय, आता बस झालं, चल माझ्याकडं." मावशीचं उत्तर ठरलेलं, दोन शब्दांचं, कुठल्याही विषयाला चालणारं : "बिलकुल न्हाई." शेवटी एका दिवाळीला त्यानं फारच धरलं, तेव्हा चार माणसांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "ज्या दिशी म्हातारं बंद पडंल, त्या दिशी येते. गाठोडं बांधून येते." बस्स. मावशीनं दिलेला शब्द म्हणजे सरकारी गॅझेट. त्यात खाडाखोड नसते. भास्करनं वाट बघायला सुरुवात केली.

त्यानं फार वाट बघू नये याची सोय मी केली.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक चाक असतं, ती पुली. तिच्यावरून पट्टा जातो तो थेट जात्यापर्यंत. पुली शाफ्टवर घट्ट राहावी म्हणून दोघांच्या मधल्या खाचेत लोखंडाची एक पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. म्हाताऱ्याची चावी झिजली होती, पुली लटपटत होती. रविवारी मावशी नवी चावी करून आणायला मंठ्याला निघाली आणि जाताना म्हणाली, "मास्तर, मी येईस्तोवर हात लावू नका." आता, विज्ञानाच्या मास्तरला हात लावू नका म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडं बघू नको म्हणणं. मला वाटलं, मावशी येईपर्यंत पुली काढून ठेवू, ती खूश होईल. मी घन घेतला. पहिला घाव घातला, काही नाही. दुसरा घातला, काही नाही. तिसऱ्या घावाला असा आवाज झाला की शाळेची घंटा वाजली समजून मुलं रविवारी दप्तर घेऊन बाहेर आली. पुलीचे चार आरे तुटून पायाशी पडले होते आणि मधल्या बिडाच्या गोळ्याला, जो शाफ्टवर बसतो त्याला, आरपार चीर गेली होती.

मावशी आली. मी सांगितलं, पुली आपोआप पडली.

तिनं एक तुकडा उचलला, उन्हात धरला. "आपोआप पडली. अन् हा घनाचा डाग बी आपोआप पडला का?"

मी घन पाठीमागं लपवला.

"चावी काढल्ती का आधी?"

"न्हाई."

"मंग कुलूप न काढता दार वढलं तुमी. बीड हाये ते मास्तर, मार खात न्हाई. पोरं खातेत, बीड न्हाई." एवढं बोलून ती जमिनीवर बसली आणि त्या सात वर्षांत पहिल्यांदा मी मावशीला मिनिटभर गप्प बसलेली पाहिली. मला ते मिनिट माझ्या सगळ्या बदल्यांपेक्षा लांब वाटलं.

ही बातमी भास्करला कुणी कळवली ते मला माहीत नाही. मोबाईल सगळ्यांकडं आहेत आणि चांगलं काम करायची हौसही सगळ्यांना आहे. मंगळवारी सकाळी तो चाचाचा टेम्पो घेऊन हजर. जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात, त्यांना खायला भंगार लागतं. एकदा इंजिन त्या तोंडात गेलं की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई.

तर मावशी साखळीवर उभी होती.

"माय, शब्द दिल्ता तू," भास्कर म्हणाला. "चार मानसांसमोर."

"दिल्ता. बंद पडलं तर येते म्हनले मी. हे बंद पडलं का? आजारी पडलं. मानूस आजारी पडला की लगेच लाकडं रचतो का तू?"

"अम्मा," चाचा समजुतीनं म्हणाला, "इसमें अब क्या रखा है? ये मॉडेल कब का बंद हो गया."

"तू चूप बस. तुझा टेम्पो बी बंद पडल्यालं मॉडेल हाये, मी काही बोलले का?"

भास्करचा आवाज एकदम चढला. असा तो कधी बोलत नसे. "बापूची दोन बोटं या पट्ट्यानं नेली, माय! मी व्हतो तिथं. रोज फोन वाजला की मला वाटतं, आज तुझा पदर गेला पट्ट्यात!"

चाचाच्या गड्यांनी साखळी हातातून सोडली. मावशी साखळीवरून उतरली नाही, पण आवाज, तिच्या मानानं, खाली आला. म्हणजे शेजारच्या गल्लीतच ऐकू गेला. "म्हून तर शर्ट घालते, बाबा. पदर खोसून घालते. अन् तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय करू मी? खुर्चीवर बसून माझं मीच बंद पडायची वाट बघू?" मग ती पुन्हा नेहमीच्या आवाजात आली. "आठ दिवस दे. येत्या मंगळवारी ये. म्हातारं फिरलं न्हाई, पट्टा जात्यावर चालला न्हाई, तर गाठोडं दारात ठिवते. तुला आत याची बी गरज न्हाई."

भास्कर कबूल झाला. चाचानं साखळी गुंडाळली. जाताना तो मला हळूच म्हणाला, "मास्टरजी, आठ दिन में क्या होता?" मी मान हलवली. माझंही तेच मत होतं.

बुधवारी मावशीनं आधी चावी काढून चिरलेला गोळा शाफ्टवरून उतरवला आणि मला घेऊन ती जालन्याला निघाली. शाळेत मी अर्ज टाकला, कारण : शैक्षणिक साहित्य. स्पेअरपार्टच्या दुकानातला पोरगेलासा मालक मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आजी, हे इंजिन संग्रहालयात द्या. नवीन दाखवू का?" मावशी म्हणाली, "तुझा आजा कुठं हाये?" तो म्हणाला, घरी आहे. "त्याला बी देऊ का संग्रहालयात?" दुकानातले सगळे हसले, पण पुली काही मिळाली नाही. लेथवाला भला माणूस होता. त्यानं चिरलेला गोळा हातात फिरवला आणि म्हणाला, आधी साचा करून बीड ओतून आणा, मग मी तासतो, पंधरा-वीस दिवस धरा. वेल्डिंग करून दे म्हटलं तर म्हणाला, करतो, पण पट्ट्याचा ताण बसला की चीर परत उघडेल, आणि त्यावेळी समोर कोण उभं असेल ते मला बघायचं नाही.

मी म्हटलं, "मावशी, परत जाऊ."

"बिलकुल न्हाई. चाचाकडं चला."

चाचाच्या आवारात लोखंडाचे डोंगर होते. त्यातल्या एका डोंगरावर ती चढली, शर्टाच्या बाह्या सारून. चाचा खालून ओरडतोय, अम्मा उतरो, पाँव कटेगा, आणि ती वरून, "माझं न्यायला आल्तास ना तू? आता तुझ्याकडचं दे!" दोन तास ती उकरत होती. तिच्या कमरेला एक दोरा खोचलेला होता, त्याला गोळ्याच्या घेराची गाठ मारलेली. प्रत्येक गोल वस्तूला ती तो दोरा लावून बघत होती. शेवटी तिनं बोटभर जाडीचं एक लोखंडी कडं वर धरलं. कशाचं होतं देव जाणे. चाचानं दोरा लावून पाहिला आणि मान हलवली. "नहीं बैठता अम्मा. छोटा है, बाल बराबर छोटा है."

"छोटंच पायजे."

चाचा माझ्याकडं बघू लागला, मी चाचाकडं. मी पदवीला उष्णतेनं धातूचं प्रसरण होतं यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पूर्ण पाच मिळाले होते. पण त्या ढिगाऱ्याखाली उभं राहून मला काही म्हणता काही आठवलं नाही. चाचानं कडं पिशवीत घालून दिलं आणि वर म्हणाला, "ये हमारी तरफ से. देखना है हमको, क्या करती तुम."

गुरुवारी मावशी सुतारअण्णांच्या दारात. अण्णांनी आयुष्यभर बैलगाडीची चाकं केली, ट्रॅक्टर आल्यावर लाकूड तासायचा वासला भिंतीला टांगला. वय विचारलं तर म्हणायचे, मोजायचं सोडून दिलंय. ठार बहिरे. साऱ्या गावात फक्त मावशीचं बोलणं त्यांना ऐकू यायचं, त्यामुळं त्यांचा समज असा की बाकीचं गाव त्यांच्याशी बोलतच नाही, एकटी हीच चांगली.

"अण्णा, चाक करायचं."

"गाडी कुठं हाये?"

"गाडी न्हाई. इंजिन."

अण्णांनी पुलीचे तुकडे जमिनीवर मांडले, कितीतरी वेळ पाहिले. म्हणाले, मधला गोळा म्हणजे आपल्या चाकाचा तुंबा. त्याला धाव चढवू, बाहेरून लाकूड भरू. धाव म्हणजे गाडीच्या चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टी. लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची, निवली की आकसते आणि चाकाला अशी आवळते की चाक मोडेल पण धाव सुटणार नाही. मावशीच्या डोक्यात कडं सापडलं तेव्हापासून हेच होतं. पाच मार्कांचं उत्तर मला तेव्हा आठवलं.

"लाकूड वाळल्यालं बाभळीचं पायजे," अण्णा म्हणाले. "एक ओंडका हाये मागं. पर तो मी माझ्यासाठी ठिवलाय. शेवटाला."

"तुमाला बाभळीवर जाळलं तर फटाक्यावानी उडान. कडूलिंबाचं देते मी. काढा ओंडका."

अण्णा खूश झाले. आपल्या मरणाची इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.

शुक्रवारी गोवऱ्या रचून कडं तापवलं. राखेतून ते उगवत्या सूर्यासारखं लाल निघालं. मी चिमट्यानं एक बाजू धरली, मावशीनं दुसरी, आणि चिरलेल्या गोळ्यावर ते असं बसलं, जणू बांगडीवाल्यानं हात दाबून बांगडी भरली. अण्णा सवयीनं पाण्याची बादली घेऊन पुढं आले. गाडीच्या चाकावर धाव चढवली की लगेच पाणी ओततात, त्यांचं सारं आयुष्य ते करण्यात गेलं.

"बिलकुल न्हाई!" मावशी अशी ओरडली की विहाराच्या झाडावरची कावळ्यांची वसाहत कायमची आष्टीला गेली. "लाकूड न्हाई अण्णा ते, बीड हाये! तापल्यावर पानी पडलं की फुटंल! राखंत निजू द्या."

"पान्याबिगर धाव आवळत न्हाई!"

"आवळती! टाइम लागतो, पर आवळती!"

बादली दोघांच्या मधे. एका बाजूनं ती ओढतेय, दुसऱ्या बाजूनं ते. निम्मं पाणी माझ्या अंगावर गेलं, ही त्यातली चांगली गोष्ट. गोळा राखेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं तो काढला आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारली. आवाज देवळातल्या घंटेसारखा, एकसंध. चीर मिटून केसाएवढी रेघ उरली होती. अण्णांनी कान लावला. त्यांना ऐकू आलं नाही, पण बोटाला कळलं असावं, कारण त्यांनी बादली स्वतःहून उपडी ठेवली.

शनिवार आणि रविवार अण्णांनी बाभूळ कापली. दोन अर्धगोल तयार केले, फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवून, आरपार बोल्ट घालून. सोमवारी ते गोळ्याभोवती आवळले, पुली शाफ्टवर चढवली, नवी चावी ठोकली. काढताना मात्र आधी चावी, हे सांगायला मावशी विसरली नाही, आणि ठोकताना माझ्याकडं बघायलाही. पुली चढली, पण होती आपली ओबडधोबड, अंड्यासारखी. ती गोल करायची कशी? एवढं मोठं लाकूड फिरवायला लेथ कुठून आणणार?

"म्हाताऱ्याला सांगते," मावशी म्हणाली.

तिनं पट्टा न चढवता इंजिन चालू केलं. पुली गरगरा फिरायला लागली. समोर लोखंडी पहार आडवी टेकवून अण्णांनी त्यावर पटाशी धरली आणि बाभळीचा भुसा कारंज्यासारखा उडाला. इंजिन आपली पुली आपणच तासून घेत होतं. सारं गाव बघायला आलं. अण्णांच्या मिशा, मावशीचा शर्ट, मी, सगळे लालसर भुशात माखलेले. तासाभरानं अण्णांनी पटाशी बाजूला केली. पुली इतकी गोल झाली होती की फिरतेय की थांबलीय ते हात लावल्याशिवाय कळेना. आणि हात कोण लावणार?

मंगळवारी भास्कर एकटाच आला. टेम्पो नव्हता, चाचा नव्हता. दारात गाठोडं ठेवलेलं होतं. दोन लुगडी, एक ताट, नवऱ्याचा दुसरा शर्ट. ते गाठोडं मी वाढवून सांगू शकत नाही, एवढंच होतं. मावशी खोटी आशा ठेवणाऱ्यातली नव्हती. शब्द म्हणजे शब्द, दोन्ही बाजूंनी.

गिरणीसमोर दळणाचे डबे रांगेत. अर्ध्या गावातल्या बायकांनी आठ दिवस विजेच्या गिरणीचं तोंड पाहिलं नव्हतं, पोरांना खिचडी खाऊ घातली होती. पोरं खिचडीला इतकी विटली होती की तीही येऊन उभी राहिली. मावशीनं पट्टा चढवला. हँडल मारलं. म्हातारं खोकलं, धूर सोडला, लयीत आलं. वरच्या पेटीतली ज्वारी जात्यात उतरली आणि जातं जड झालं. पट्टा किंचाळला. लाकडावरून सरकायला लागला. बाभळीतून धुराची बारीक रेघ निघाली. बायका मागं सरकल्या. भास्कर दोन पावलं पुढं आला, "माय, सोड! सोड ते!"

मावशीनं पदर खोचलेला चाचपला, राळेचा खडा घेतला आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला, हाताच्या अंतरावरून, शांतपणे धरला. एक फेर. दुसरा. किंचाळणं कमी झालं. पट्ट्यानं बाभूळ धरली. आणि खालच्या डब्यात पांढरं, थंड पीठ पडायला लागलं.

भास्करनं डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मग त्यानं दारातलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन फळीवर ठेवलं. "सनाला तरी येशीन का?" त्यानं विचारलं.

"सनाला येते. सन झाला की परत." मग तिनं त्याच्या हातात पिठाचा डबा दिला. "सुनबाईला सांग, चाळू नको. चाळायचं काम न्हाई यात."

दोन वर्षांनी माझी बदली भोकरदनकडं झाली. निरोपाच्या दिवशी तिनं मला सगळ्या वर्गासमोर, म्हणजे साऱ्या शिवारासमोर सांगितलं, "मास्तर, नव्या गावात कुनाच्या इंजिनाजवळ खोली घेऊ नका." मुलं अजून हसत असतील. नव्या शाळेत मी प्रसरणाचा धडा शिकवायला उभा राहिलो की पुस्तक मिटतो आणि कड्याची गोष्ट सांगतो. गोष्टीत आता कडं सूर्यापेक्षा मोठं झालंय, आणि बादली ओढणारे चाळीस जण. मुलं पाच मार्कांचं उत्तर बरोबर लिहितात, ते महत्त्वाचं.

मागच्या उन्हाळ्यात कळलं की सुतारअण्णा दिवाळीच्या सुमारालाच गेले होते. मला राहवेना, मी मावशीला फोन लावला. तिकडून आधी इंजिनाची धडधड आली, मग ती. फोन कानापासून हातभर लांब धरून आमचं बोलणं झालं. अण्णा झोपेत गेले म्हणाली, त्रास झाला नाही. मग मी विचारलं, "पुली कशी हाये, मावशी?"

"मोडली."

मी फोन परत कानाला लावला. "कव्हा?"

"झाले दोन महिने. बोल्ट ढिले झाल्ते."

"मंग हे चालू कसं काय?"

"दुसरी बसवली."

"पर अण्णा तर... दुसरी केली कोनी?"

"मी."